केशर गेली तेव्हा

मंडळी, केशर आमच्या घरी अकरा वर्षं होती. कॉर्न स्नेक. इथे अमेरिकेच्या आग्नेय भागात हा बिनविषारी साप रानात आढळतो. रंग केशरी, पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी काळी-पांढरी नक्षी. मुलगा आठ वर्षांचा असताना ती आली तेव्हा पेन्सिलीएवढी होती. नीट सांभाळलं तर हे साप पंधरा-वीस वर्षं जगतात, म्हणून मी गृहीतच धरलं होतं की मुलगा कॉलेजला गेल्यावर ती माझ्या सोबतीला राहील.

दर रविवारी सकाळी गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सोडायचा, पुसून चिमट्याने पुढे धरायचा. शेवटच्या महिन्यात तिने सलग तीन रविवार तोंड फिरवलं. कात टाकायच्या आधी साप बरेचदा खात नाही, तेव्हा मी म्हटलं, कात टाकेल आता. पण कातेआधी डोळ्यांवर जी दुधी निळसर साय चढते, ती तिच्या डोळ्यांवर नव्हती. मला ते दिसत होतं आणि तरी मी थांबले. हे मी आज पहिल्यांदाच चारचौघांत बोलतेय.

चौथ्या रविवारी ती पाण्याच्या वाडग्याशेजारी सैल पडलेली दिसली. सापाला पापण्या नसतात. तो गेला तरी डोळे आपल्याकडे बघत असल्यासारखे उघडेच राहतात. अंग गार लागलं तरी त्यावरून काही ठरवता येत नाही, कारण त्याच्या अंगाची ऊब भोवतालावर अवलंबून असते. म्हणून कळकळीने सांगते, घाईने पुरू नका. डॉक्टरांकडे न्या. आमच्या डॉक्टरांनी डॉप्लर, म्हणजे आतला रक्तप्रवाह ऐकू आणणारं यंत्र, लावून हृदयाचा ठोका बराच वेळ शोधला, मग मान हलवली. शवविच्छेदन करायचं असेल तर देह फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठलं की आतल्या पेशी फुटतात. आम्ही करून घेतलं. मूत्रपिंडाजवळ गाठ निघाली. आधी नेलं असतं तरी फारसं हाती नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. मी ते वाक्य धरून ठेवलंय, पण ते तीन रविवार मनातून जात नाहीत.

कुत्रं गेलं की शेजारी म्हणतात, घरातलंच माणूस गेलं हो. आम्हाला एका जवळच्या बाईंनी फोनवर विचारलं, "सुटलात ना एकदाच्या?" त्या मनाने वाईट नाहीत. पण एकोणीस वर्षांचा मुलगा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता आणि फोन स्पीकरवर होता. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाला नाव दिलं. मी त्याला मराठीत हक्क नसलेलं दुःख म्हणते. असं दुःख ज्याला भेटायला कुणी येत नाही.

साप काय माया लावणार, असं विचारतात. खरं सांगते, ती आम्हाला ओळखत होती की नाही, मला माहीत नाही. हाताची ऊब तिला हवीशी वाटे, मनगटाला विळखा घालून ती जीभ हलवत बसे, इतकंच. माया आमची होती. अकरा वर्षं रोज थर्मामीटर बघितला, त्या हातांना अचानक काम उरलं नाही. बारा दिवस तिच्या पेटीतला दिवा चालूच होता. बंद करायला कुणी धजलं नाही. तेराव्या दिवशी मुलानेच तो बंद केला. तिची शेवटची अखंड कात त्याने वहीत ठेवली आहे, डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्यांसकट.

एक मात्र सांगून ठेवते. हे ऐकून महाराष्ट्रातल्या कुणी धामण किंवा अजगर घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि तो जीव रानातला आहे.

फ्रीझरमध्ये सात उंदीर उरले होते. गल्लीतल्या एका शाळकरी मुलीकडे साप आहे, तिला मुलाने ते नेऊन दिले. पिशवी हातात देताना तो तिला म्हणाला, "नाही खाल्लं तर आधी डोळे बघ."