त्वचा नेमके काय मोजते?

एकाच खोलीत रात्रभर पडून असलेली लोखंडी पट्टी आणि लाकडी फळी यांचे तापमान सारखेच असते. तरीही सकाळी हात लावला, तर लोखंड थंडगार लागते आणि लाकूड तसे लागत नाही. लोखंड बोटातली उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड ती सावकाश घेते, आणि आपल्या चेतातंतूंना कळते ते त्वचेचेच उतरत जाणारे तापमान. आज मला एवढेच मांडायचे आहे की शरीरातील संवेदक जगाची नोंद थेट घेत नाहीत. ते शरीराच्या अवस्थेची, त्यातही मुख्यतः तिच्यातील बदलाची, नोंद घेतात.

मिरची लागून जिभेची आग होते, तेव्हा जीभ तापलेली नसते. याचा उलगडा अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये केला. चेतापेशीच्या पटलात टीआरपीव्ही-१ नावाचे प्रथिन असते. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्यातली वाट उघडते, आयन म्हणजे विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. मिरचीतले कॅप्सेसिन त्याच प्रथिनाला चिकटून ती वाट शरीराच्या नेहमीच्या तापमानालाच उघडते. पुदिन्यातले मेंथॉल थंडीच्या संवेदकाला असेच फसवते.

वेदनेचे संदेश दोन वेगांनी धावतात. पायाचा अंगठा ठेचकाळला की आधी तीक्ष्ण कळ येते, कारण तिचे पातळ आवरणाचे तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात; मागून येणारा ठणका आवरण नसलेल्या तंतूंतून सेकंदाला जेमतेम एक मीटरने सरकतो.

हालचालीची जाणीव मात्र मला या सर्वांहून विलक्षण वाटते, आणि तिच्याविषयी बोलले जाते सर्वांत कमी. स्नायूंच्या आत चातीसारखे मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते असे सूक्ष्म संवेदक असतात आणि स्नायू किती ताणला गेला हे ते कळवतात. डोळे मिटलेल्या माणसाच्या दंडापुढच्या स्नायूच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला) सेकंदाला सुमारे शंभर कंपने दिली, तर हात जागचा हललेला नसतानाही कोपर सरळ होत असल्याचे त्याला वाटते. संवेदकांनी स्नायू लांबल्याची वर्दी दिलेली असते आणि मेंदू तिच्यावर विश्वास ठेवतो.

या ताणाला प्रतिसाद देणारे पिएझो-२ हे प्रथिन आर्डेम पाटापूटियन यांच्या गटाने २०१० मध्ये जाहीर केले; २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि ज्युलियस यांना मिळून देण्यात आले. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच काम करत नाही, अशा मोजक्या व्यक्तींचा अभ्यास झाला आहे. डोळे उघडे असताना त्या चालू शकतात, पण डोळे बांधले की त्यांचा तोल जातो आणि आपला हात कोणत्या दिशेला वाकवला हेही त्यांना सांगता येत नाही. टाचणी टोचलेली मात्र त्यांना कळते, आणि गरम-थंडही.