आरव्ही, आई-बाबा आणि यलोस्टोन

नमस्कार मंडळी! उन्हाळा जवळ आला की इथे अमेरिकेत आपल्या मराठी घरांमध्ये एक विषय निघतोच, भारतातून आई-बाबा आलेत, मुलांना सुट्टी आहे, तर यंदा आरव्ही, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली घरासारखी गाडी, घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्कला जाऊया का? आज त्याबद्दलच बोलायचंय, कारण आम्ही ती ट्रिप केली आणि मला मनापासून वाटतं की आरव्हीचा खरा फायदा कुणी नीट सांगतच नाही. सगळे म्हणतात हॉटेलचे पैसे वाचतात. तसे फार नाही हो वाचत. गाडीचं भाडं, मैलांचे वेगळे पैसे, जनरेटरच्या तासांचे वेगळे, आणि गाडी गॅलनला आठ-दहा मैल देणार, त्यामुळे गॅसचा खर्च आलाच. फायदा हा की रात्री तुम्ही जंगलातच मुक्कामाला असता.

त्याने काय होतं ते सांगते. यलोस्टोन साधारण 9,000 चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या सांगली जिल्ह्याहून थोडं मोठंच. प्राणी दिसतात ते पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी बरेचसे सावलीला नाहीतर लांब कुठेतरी. आता तुम्ही पार्कबाहेर गावात हॉटेल घेतलं तर लामार व्हॅलीत, म्हणजे पार्कातल्या प्राणी बघायच्या दरीत, पोचायलाच दोन-दोन तास जाऊ शकतात, तेवढ्यात ऊन वर येतं आणि मग पोरं विचारतात, अगं आई, अस्वल कुठेय? आम्ही फिशिंग ब्रिजला उतरलो होतो. पाणी, वीज, सांडपाणी या तिन्हीचं कनेक्शन जागेवर मिळणारी पार्कातली ती एकच आरव्हीची जागा. तिथे तंबू लावायला बंदी आहे, अगदी कापडी भिंतींचा ट्रेलरसुद्धा चालत नाही, कारण तो भाग ग्रिझली अस्वलांच्या वावराचा आहे. हेडन व्हॅली ही प्राणी बघायची दुसरी दरी तिथून अगदी जवळ. चहा थर्मासमध्ये भरायचा, आई-बाबांना शाल द्यायची (हो, जुलैत सुद्धा, तिथला यलोस्टोन तलावच मुळी 7,700 फुटांवर आहे) आणि निघायचं.

लामारला जायचं असेल तर मात्र आदल्या रात्रीच पाण्याचा पाईप, विजेची केबल सगळं काढून ठेवा आणि अंधारातच निघा. तिथे रस्त्याच्या कडेला लोक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, लावून उभे असतात, कितीतरी जण वर्षानुवर्षं येणारे, आणि कुणालाही बघू देतात. एका बाईंनी माझ्या बाबांसाठी ट्रायपॉड खाली केला, बाबांनी डोळा लावला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग हळूच म्हणाले, लांडगा आहे गं. या पार्कातले लांडगे माणसाने मारून संपवले होते, 1926 पर्यंत शेवटचे गेले, आणि मग 1995 मध्ये कॅनडातून 14 आणि पुढच्या वर्षी 17 आणून सोडले. म्हणजे माझ्या लहानपणी या दरीत लांडगाच नव्हता, आणि आज माझा मुलगा आजोबांच्या शेजारी उभा राहून तो बघतोय, मला खरंच भरून आलं.

बायसनची, म्हणजे इथल्या रानगव्यासारख्या प्राण्याची, पण तीच गोष्ट. 1902 च्या सुमाराला इथे जेमतेम दोन डझन उरले होते, आता काही हजार आहेत. कळप रस्त्यावर आला की सगळ्या गाड्या थांबतात, त्याला बायसन जॅमच म्हणतात, आणि आरव्हीत आपण उंचावर बसलेलो असल्यामुळे आजी-आजोबांना खिडकीतूनच सगळं दिसतं. जुलैअखेर-ऑगस्टमध्ये गेलात तर तो त्यांचा माजाचा काळ, नर असे घुमतात की खिडक्या बंद असल्या तरी ऐकू येतं. पण काहीही झालं तरी खाली उतरू नका, मुलांना तर अजिबात उतरू देऊ नका. 900 किलोपर्यंतचा हा प्राणी ताशी 55 किलोमीटरने पळतो. बायसन, एल्क (मोठी हरणं) यांच्यापासून 23 मीटर आणि अस्वल, लांडगा यांच्यापासून 91 मीटर लांब राहायचं, हा नियम आहे. लोक सेल्फीसाठी जवळ जातात तेव्हा मला फार राग येतो, ते त्या जनावराचं घर आहे.

आता घरातल्या गोष्टी. फोडणी करताना छताचा व्हेंट उघडा आणि पंखा लावा, नाहीतर स्मोक अलार्म वाजलाच समजा. पोळ्या घरूनच फ्रोझन न्या. आणि खाण्याची एकही वस्तू, रिकामं पातेलं सुद्धा, बाहेर टेबलवर सोडायचं नाही, अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की शेवटी जीव अस्वलाचाच जातो. आरव्हीतल्या सांडपाण्याच्या टाक्यांना घाबरू नका, आधी संडासाची ब्लॅक टँक रिकामी करायची, मग बेसिन-शॉवरची ग्रे, म्हणजे त्याच पाण्याने पाईप धुऊन निघतो, हातमोजे घातले की झालं. बाबांना मात्र जवळच टॉयलेट आहे याचाच सगळ्यात मोठा आधार वाटला, गुडघे दुखणाऱ्या माणसाला लांब चालत जायला नको.

दक्षिणेला उतरून शेजारच्या ग्रँड टेटन पार्कला जाच, तिथे ऑक्सबो बेंड या नदीच्या वळणावर सकाळी लवकर जा, मूस हे भलंमोठं हरीण दिसू शकतं. फक्त तिथल्या मूस-विल्सन रोडवर आरव्हीला बंदी आहे, जीपीएस तिकडे नेत असेल तर ऐकू नका.

आणि कळकळीचं एकच सांगणं, एका ट्रिपमध्ये माउंट रशमोर, बॅडलँड्स, यलोस्टोन, ग्लेशिअर असं सगळं कोंबू नका. आरव्ही घाटात हळूच चालवावी लागते, पार्कात वेगमर्यादा जास्तीत जास्त 45 मैल, दिवसभर गाडीत बसून आई-बाबा थकतात आणि नेमकी पहाट झोपेत जाते. दोनच पार्क घ्या आणि एकेका जागी तीन-चार रात्री राहा. फिशिंग ब्रिजची बुकिंग फार आधी भरतात, तेव्हा आई-बाबांची विमानाची तिकिटं काढायच्या आधी कॅम्पसाईट मिळतेय का ते बघा, आणि त्या तारखांवरून तिकिटं काढा.