तरवडाचा तुरटपणा

मंडळी, येताना चिकोडी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ही फांदी मोडून आणली. नवरात्रात घटाला माळ चढवतो ती हीच पिवळी फुलं. आपला तरवड. कन्नड बोलणारे शेजारी याला आवरिके म्हणतात. अथणी-रायबागकडच्या माळावर पावसानं ओढ दिली तरी हा हिरवा असतो, आणि शेळ्यासुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

का लावत नाहीत, ते पुढच्या रांगेतल्या काकूंना विचारा. त्यांनी आत्ताच साल चावून पाहिली. जीभ कोरडी पडली, गाल आत ओढल्यासारखे झाले. सालीतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना घट्ट धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो. याला आपण तुरट म्हणतो. आता हीच ओली साल खुरप्याच्या पात्यावर घासतो. थोडं थांबा. हा बघा, काळसर डाग. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की असाच रंग येतो. पूर्वी शाईसुद्धा अशीच करत.

कातडं कमावणं म्हणजे तरी दुसरं काय? टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरतं, मग ते कुजत नाही. आपल्याकडच्या कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. दक्षिणेत तरवडाच्या सालीनं कातडी कमावत आले आहेत.

आता शुगरकडे, म्हणजे मधुमेहाकडे येतो. भाकरीतल्या पिठूळ भागाची साखर होताना शेवटचा तुकडा पाडायचं काम लहान आतड्याच्या अस्तरावरचं अल्फा-ग्लुकोसिडेज हे एंझाइम करतं. तेही प्रथिनच. ते अडवलं की साखर रक्तात हळूहळू चढते. अकार्बोजची गोळी हेच करते. तरवडाच्या अर्कानंही हे एंझाइम मंदावतं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत खाण्यानंतरची साखर कमी चढलेली दिसली आहे. तमिळनाडूतल्या सिद्ध या पारंपरिक वैद्यकात आवारै कुडिनीर नावाचा मधुमेहावरचा काढा आहे, त्याचं नावच या झुडपावरून पडलं.

अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू शमवणाऱ्या द्रव्याचं म्हणाल तर प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाचा जांभळा द्राव घेतात आणि त्यात अर्क टाकतात. द्राव फिका होत होत पिवळा पडला की अर्कात दम आहे असं म्हणायचं. तरवडातली क्वेर्सेटिन, केम्फेरॉल ही फ्लेव्होनॉइड्स तो रंग उतरवतात. पण मंडळी, कोरा चहासुद्धा उतरवतो! त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘अँटिऑक्सिडंट’ छापलेलं पाहून पैसे काढू नका.

माझी खरी अडचण पुढे आहे. टॅनिनला कोणतंही प्रथिन चालतं. परीक्षानळीत समोर एकटं एंझाइम असतं, म्हणून ते त्यालाच धरतं. पोटात आमटी असते, दूध असतं, लाळ असते. तिथून पुढे आतड्यापर्यंत किती पोचेल? हे माणसांवर, नेमकी मात्रा ठरवून तपासावं लागतं. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध, त्याचं मूळही गॅलेगा या युरोपातल्या वनस्पतीत आहे. पण ते रेणू म्हणून 1922 मध्ये तयार झालं आणि मधुमेहाच्या रुग्णांना द्यायला 1957 उजाडलं.

मी हे पोटतिडकीनं सांगतोय, कारण माझ्या आईनं तरवडाच्या फुलांच्या काढ्यावर भरवसा ठेवून गोळ्या बंद केल्या होत्या. कुणीतरी सांगितलं, आणि मी घरात असून विचारलं नाही. चपलेनं अंगठ्याला घासलं, जखम भरेना, शेवटी अंगठा काढावा लागला. काढा ती श्रद्धेनं, रोज पहाटे उकळायची.

मागून कुणीतरी विचारलं, गोळी चालू ठेवून काढा घेतला तर? ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर दोन्ही मिळून साखर जास्त खाली येऊ शकते. दरदरून घाम सुटला, हात थरथरले, तर आधी साखर तोंडात टाका. आणि डॉक्टरांकडे जाताना काढ्याचं लपवू नका. फुलं किती, पाणी किती, कधी घेता, सगळं कागदावर लिहून न्या.