पॉलीहाऊस तापवायच्या नादाला लागू नका, ओल काढा

माईक लागलाय ना? हां. तर मंडळी, आपल्या कोल्हापुरात थंडी ती कितीशी, डिसेंबर-जानेवारीत पारा 13-14 वर आला की आपण कानटोपी शोधतो. एवढ्या थंडीनं जरबेराची फुलझाडं मरत नाहीत. पण मी पहिल्या वर्षी घाबरलो आणि दहा गुंठ्यात हिटर लावला, आता हसू येतं. हिशोब ऐका. एकेरी प्लॅस्टिकच्या दहा गुंठे पॉलीहाऊसमध्ये बाहेरच्यापेक्षा नुसतं 5 अंश जास्त ठेवायचं म्हटलं तरी साधारण 45 किलोवॅट लागतात, म्हणजे साडेसात एचपीच्या आठ मोटरी रात्रभर चालू! आणि आपल्याकडं थ्री फेज लाईट आठ तास, ती पण कधी दिवसा कधी रात्री.

बरं मग शेगडी पेटवू, चिपाड जाळू म्हणाल, तर बंद पॉलीहाऊसमध्ये ते अजिबात नको. कार्बन मोनॉक्साईडनं माणूस आडवा होतो, आणि धुरातल्या इथिलीननं फुलं खराब होतात ती वेगळीच.

खरा शत्रू ओल आहे. सकाळी सहाला आत जाऊन वर बघा, प्लॅस्टिकला घाम सुटलेला असतो, ते थेंब टपटप फुलावर पडतात, आणि चार दिवसांत पाकळीवर बारीक डाग, मग राखाडी बुरशी. बोट्रायटिस. मार्केटला ती फुलं कोण घेतंय?

आता इथं सगळे माझ्याशी भांडतात. बाहेर पंचगंगेचं धुकं, आणि हा बाबा साईड कर्टन, म्हणजे बाजूचे प्लॅस्टिकचे पडदे, उघडायला सांगतोय! पण बघा, 14 अंशाच्या धुक्यातल्या हवेत वाफ म्हणून घनमीटरला 12 ग्रॅमच पाणी असतं, थंड हवेला जास्त झेपतच नाही. ऊन आलं, आत 20 अंश झालं, की आतली ओली हवा 17 ग्रॅम धरून बसते. ती घालवून बाहेरची घेतली आणि ती आत तापली की आर्द्रता 70 टक्क्यांवर येते. दहा गुंठ्यात हवा एकदा बदलली की 25 लिटर पाणी बाहेर गेलं, लाईट शून्य! फक्त वेळ पाळा, ऊन वर आल्यावर उघडा, आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं परत, मग बंद.

आणि रात्री लाईट आली म्हणून रात्रीच ड्रिप सोडू नका हो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला पाऊण युनिटाच्या आसपास उष्णता लागते, ती तुमच्या बेडातनं आणि हवेतनंच जाते. रात्री टाकी भरून ठेवा, सकाळी उताऱ्यानं सोडा, प्रेशर कमी पडतं म्हणून एकेक लाईन फिरवून द्या.

मोजायला महागडं मशीन नको. दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या बुडाला ओली वात गुंडाळा. कोरडा 20 आणि ओला 18 दाखवला तर आर्द्रता 83 टक्के. ओला 17 वर आला तर 74, मग बिनघोर चहाला जा. वात मात्र रोज भिजवा, आमच्या गड्यानं आठवडाभर भिजवलीच नव्हती दोन्ही थर्मामीटर सारखंच दाखवत होते आणि मी आपला घाबरलो, की आर्द्रता शंभर टक्के झाली कशी!