घुबडाच्या अंगावरचा घाव

(नाणेसंग्राहकांच्या एका मेळाव्यातलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन, किरकोळ संपादनासह.)

पत्रिकेत छापलंय, 'ग्रीक नाणं अस्सल की नक्कल : पारखण्याच्या दहा खुणा'. दहा हा आकडा माझा नाही. मी फोनवर 'आठ-दहा' म्हणालो होतो, त्यातले आठ संयोजकांनी गाळले. सांगेन, दहाही सांगेन. पण आधी माझी फजिती, कारण इथल्या निम्म्या लोकांना ती ठाऊक आहे आणि उरलेल्यांना त्या निम्म्यांनी तिखटमीठ लावून सांगितलेली आहे.

तुर्कस्तानची सहल. एका प्राचीन शहराच्या अवशेषांबाहेर, बस लावतात तिथे, एक पोरगा हातरुमालाची पुरचुंडी घेऊन उभा. आत मातीने माखलेलं एकच नाणं. अथेन्सचं, चार द्राख्मांचं (द्राख्मा म्हणजे तिथलं चलन). एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसऱ्या बाजूला घुबड, त्याच्यामागे ऑलिव्हची डहाळी आणि इवलीशी चंद्रकोर, पुढे आल्फा, थीटा, एप्सिलॉन. 'बाबांना शेतात सापडलं' म्हणाला. दोनशे युरोंवरून चाळीसवर आला. मी तीस वर्षं सातवाहनांची शिशाची नाणी जमवणारा. ग्रीक चांदीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण नाण्यांतलं कळतं हा समज पक्का होता. घेतलं. सौ. एवढंच म्हणाली, "भाजीवालीशी घासाघीस करायला मात्र तुम्हाला लाज वाटते."

बसमध्ये शेजारी नाशिकचे एक निवृत्त इंजिनीअर होते. माझं घुबड पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून स्वतःचं काढलं. त्यांनाही बाबांच्या शेतातलं 'एकच' मिळालं होतं, आणि तीस युरोंत. (हे दुःख वेगळं.) दोन्ही नाणी माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. घुबडाच्या पायाशी सुईच्या टोकाएवढा खड्डा, दोन्हींवर. चंद्रकोरीपाशी काठ दबलेला, दोन्हींचा. अथीनाच्या गालावर एक तिरपा ओरखडा, दोन्हींवर, त्याच जागी, तेवढाच लांब.

मंडळी, माझं सगळं ग्रीक नाणेशास्त्र त्या तळहातावर सुरू झालं. अथेन्सच्या टाकसाळीत अथीनाचा ठसा खाली ऐरणीत बसवलेला असे, घुबडाचा ठसा हातात, मधे चांदीची चकती आणि वरून हातोडा. एका ठशातून हजारो नाणी निघतात, त्यामुळे चेहरा तोच असू शकतो. पण चकती दर वेळी नवी. कुणाचा काठ फाटतो, कुणाच्या शिरस्त्राणाचा तुरा नाण्याबाहेर जातो, कुणाचं घुबड कडेला सरकतं. पुढे ओरखडे पडतात ते तर ज्याच्या त्याच्या नशिबाचे. ठसा जुळला तर काही बिघडत नाही. ओरखडा जुळला की समजावं, दोघं एकाच साच्यातून ओतून आलेत.

इंजिनीअर म्हणाले, "सुटलो!" मला कळेना. ते म्हणाले, "अहो, खरी निघाली असती आणि विमानतळावर सापडली असती, तर आत बसलो असतो." खरंच आहे. तिथून प्राचीन वस्तू बाहेर नेणं हा गुन्हा आहे. फसवलं गेल्याबद्दल त्या पोराचे आभार मानावेत अशी ती वेळ. आणि हसू नका, त्याच बसमध्ये आणखी चौघांकडे घुबडं होती. ती सांगायला कुणी तयार नव्हतं एवढंच.

आता आपल्याकडची एक सवय. नाणं वाजवून घ्यायची. 'खणखणीत नाणं' म्हणतो ना, ते त्यातलंच. रुपयाला ते ठीक होतं. पण अडीच हजार वर्षं मातीत राहिलेली चांदी आतून कणीदार होते, ठिसूळ होते, तिला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. ती बद्द वाजते. म्हणजे अस्सल नाणं नापास होईल आणि परवा पाडलेलं छान गाऊन दाखवेल. त्यात फरशीवर आपटलंत तर ठिसूळ नाण्याचे दोन तुकडे व्हायचे. एका सद्गृहस्थांनी माझ्यासमोर हे करून दाखवलं आहे. ते आज इथे आहेत, म्हणून नाव घेत नाही.

मग ग्रीक लोक काय करत? हा माझा आवडता भाग. इसवी सनपूर्व 375/4 मध्ये निकोफॉन नावाच्या नागरिकाने अथेन्समध्ये एक कायदा मांडला. त्याचा शिलालेख 1970 साली तिथल्या अगोऱ्यात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, उत्खननात मिळाला. सराफांच्या मेजांमध्ये एक पारखी बसायचा. हा पारखी कोण, तर सरकारी गुलाम! नाणं चांगलं असेल तर त्याने ते परत द्यायचं, आणि मग बाजारात ते कुणी नाकारायचं नाही. नाकारलं तर त्या दिवशीचा सगळा माल जप्त. आत तांबं किंवा शिसं निघालं, तर तिथल्या तिथे नाणं कापायचं आणि देवमातेला अर्पण करायचं. पायरियस बंदरासाठी दुसरा पारखी. आणि पारखी जागेवर बसला नाही, किंवा कायद्याप्रमाणे पारख केली नाही, तर चाबकाचे पन्नास फटके. आपल्याकडे प्रमाणपत्रं देणारे तज्ज्ञ आहेत ना, त्यांच्यासाठी... नको, राहू दे.

कापायचं कशाला? तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी तेव्हाही होती. पेलोपोनेशियन युद्धाच्या, म्हणजे अथेन्स-स्पार्टाच्या लढाईच्या अखेरीस तिजोरी आटली तेव्हा खुद्द अथेन्सने तशी काढली. म्हणून हातात पडलेल्या घुबडावर छिन्नीचा घाव घालायचा आणि आत पाहायचं. पूर्वेकडे, इजिप्तपासून लेव्हंटपर्यंत, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत, अशी घाव घातलेली घुबडं भरपूर मिळतात. संग्राहक त्यांना नाक मुरडतात, लिलावात भाव पडतो. मला तीच हवीत! त्या घावात तुम्हाला चांदी खोलवर दिसते, आणि घाव जुना असेल तर त्याच्या तळाशी वरच्या पृष्ठभागावर असतो तोच थर बसलेला असतो. घाव आतून लखलखीत असेल तर तो हल्लीचा. हो, हल्लीचे नक्कलकार घावही घालतात, ते आलंच, आणि मग...

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं, चहा तयार आहे.' तर दहा खुणा.

वजन. चार द्राख्मांचं घुबड साधारण 17.2 ग्रॅम भरतं. झिजून थोडं कमी चालेल, अडीच ग्रॅम कमी नाही. माझं 14.6 भरलं. दोन, पाण्यातलं वजन. दोऱ्याला बांधून पाण्यात टांगायचं, जेवढं वजन घटेल त्याने हवेतल्या वजनाला भागायचं. चांदीला साडेदहाच्या आसपास उत्तर यायला हवं. माझं पाण्यात दोन ग्रॅमने घटलं, उत्तर 7.3, म्हणजे कथील-जस्ताची बिरादरी. तीन, काठ : भिंगाखाली जोडरेष किंवा कानशीचे ओरखडे दिसले तर ठेवून द्या. चार, ओतीव नाण्यावर हवेच्या बुडबुड्यांचे गोल खड्डे असतात. पाच, अक्षरांच्या कडा ठशाच्या नाण्यात धारदार, ओतलेल्यात साबणाच्या वडीसारख्या. सहा, जुळं, ते झालं. सात, शैली. पाचव्या शतकातल्या अथीनाचा चेहरा बाजूने, पण डोळा समोरून पाहिल्यासारखा असतो. नक्कलकाराला ती चूक वाटते आणि तो बिचारा सुधारून ठेवतो.

आठ, ठसा. इथे वजन-काठ सगळं हात टेकतं, कारण काही नकला खऱ्या चांदीवर, नव्या ठशांनी, हातोड्यानेच पाडलेल्या असतात. जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा नक्कलकार होता, 1830 मध्ये वारला. तो नवी नाणी लोखंडाच्या किसाच्या डब्यात घालून घोडागाडीला बांधायचा आणि खडबडीत रस्त्याने हिंडवून आणायचा, म्हणजे आपोआप झीज. 1988 मध्ये काळ्या समुद्राकाठच्या मेसेम्ब्रिया आणि अपोलोनिया या प्राचीन ग्रीक शहरांची छोटी नाणी बाजारात ढिगाने आली, जाणकारांत दोन तट पडले, आणि शेवटी ठसे आधुनिक ठरले. अशा वेळी छापील सूच्यांतले ठसे एकेक करून ताडून पाहणं एवढंच हाती उरतं. नऊ, मालकीचा जुना कागद. दहा... दहावी चहानंतर विचारा.

हे माझं घुबड आणि हे इंजिनीअरसाहेबांचं. दोन्ही पहिल्या रांगेपासून फिरवतो. भिंग सोबत आहे, गालावरचा ओरखडा बघा. आणि कृपा करून दोन्ही परत आली पाहिजेत. मागच्या वेळी तीन फिरवली होती.