कॅनबेरा लिफ्टमध्ये मावत नाही

डिसेंबर १९६१. गोवा मुक्तीची मोहीम. १८ तारखेला पुण्याहून उडालेली कॅनबेरा बाँबर विमानं दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकतात, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये नौदलात आलेली विमानवाहू नौका विक्रांत बाहेर समुद्रात उभी असते. हे दोन्ही शेजारी ठेवले की प्रश्न येतोच: कॅनबेराच विक्रांतवर का नाही ठेवली? डेकवरच्या तारांत अडकून थांबण्यासाठी शेपटीखाली हुक लावायचा, चाकं दणकट करायची, पंखांना बिजागरी बसवायची.

विक्रांतपुरता विषय लवकर संपतो. तिच्यावरच्या सी हॉक या लढाऊ विमानाचे पंख उघडले तरी १२ मीटर भरायचे. कॅनबेराचे साडेएकोणीस. म्हणून आपण मोठी नौका घेऊ, १९५५ साली दाखल झालेली ब्रिटिश आर्क रॉयल. तिला वाफेचे कॅटपल्ट, म्हणजे विमान डेकवरून फेकणारी यंत्रं, होती, आणि आकार विक्रांतच्या दुपटीहून जास्त.

सुरुवात लिफ्टपासून करू, कारण विमान उडण्याआधी ते खाली हँगरमध्ये जायला हवं. आर्क रॉयलच्या लिफ्टची लांबी ५४ फूट, म्हणजे साडेसोळा मीटर. कॅनबेरा जवळपास २० मीटर. हे साडेतीन मीटर कुठून काढणार? नाक दुमडावं म्हटलं तर बाँबचा नेम धरणारा त्या काचेच्या नाकातच पालथा पडलेला असतो आणि ती जागा केबिनच्या हवादाबातच येते. म्हणजे बिजागरी बसवायची ती दाबाच्या पिंपालाच कापून. प्रत्येक घडीला सील, प्रत्येक सील गळण्याची शक्यता, वर खाऱ्या हवेचा मार. पुढे ब्रिटिश नौदलाने बकॅनियर हे विमान मुळातच नौकेसाठी बनवून घेतलं, तेव्हा दुमडला तो फक्त रडारचा टोप, जिथे माणूस बसत नाही. मागचा एअरब्रेक पाकळ्यांसारखा उघडून तिथेही लांबी वाचवली. १९ मीटरचं विमान १५.८ मीटरवर आलं. लिफ्टवर शिल्लक राहिलेली जागा हातभर.

आता पंख. कॅनबेराची इंजिनं पंखात, धडापासून बरीच बाहेर. घडी त्यांच्याही बाहेर घालावी लागणार. उरलेला तुकडा सुमारे सहा मीटरचा. तो सरळ उभा केला तर हँगरच्या छताला धडकतो, कारण हँगरची उंची साडेसतरा फूट, म्हणजे सव्वापाच मीटर, आणि पंखाचं मूळही जमिनीला टेकलेलं नसतं. मग गॅनेट या नौदलाच्या विमानासारखी दुहेरी घडी घालायची: दोन बिजागऱ्या, दोन कुलपं, आणि एलेरॉनचे, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपांचे, दांडे त्या बिजागऱ्यांतून न्यायचे. टोकाच्या इंधनटाक्यांचा नाद मग सोडूनच द्यायचा.

गंमत अशी की हाच रुंद पंख कॅनबेराचा गुण आहे. त्याचं क्षेत्रफळ ८९ चौरस मीटर, त्यामुळे हलकं विमान १०० नॉटच्या आसपास उतरतं. नौकेने आणि वाऱ्याने मिळून ३० नॉट दिले तर डेकच्या हिशेबात उरतात ७०. हा आकडा फारच मोहात पाडतो.

पण डेकवर विमान टेकवत नाहीत, आपटतात. पायलट शेवटच्या क्षणी नाक उचलून वेग मारत बसला तर हुक तारांवरून निघून जातो. जमिनीवरच्या बाँबरचं अंडरकॅरेज, म्हणजे चाकं आणि त्यांचे पाय, साधारण ३ मीटर प्रति सेकंद या उभ्या वेगासाठी आखतात. डेक त्याच क्षणी लाटेने वर येत असेल तर ६ मीटरची तयारी ठेवावी लागते. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. ती जिरवायला शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा लांब हवा, आणि कॅनबेराची चाकं तर इंजिन आणि धड यांच्यामधल्या पंखात आत दुमडतात. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला बाँबची खोली. लांब दांड्याला जागाच नाही. तेजसची नौदल आवृत्ती करतानाही अंडरकॅरेज आणि त्याभोवतीची रचना बरीच बदलावी लागली होती, आणि ते तर लहान फायटर.

कॅटपल्टचा हिशेब इथेच करून पाहू. विमान २१ टनांचं, दौड ४६ मीटर, द्यायचा वेग ८० नॉट, म्हणजे सेकंदाला ४१ मीटर. सरासरी त्वरण जवळपास १.९ जी, म्हणजे गुरुत्वाच्या १.९ पट. लागणारी एकूण ओढ ३९ टन. दोन एव्हॉन इंजिनं मिळून देतात सहाच्या आसपास. उरलेले ३३ टन पोटाखालच्या, कॅटपल्टला अडकवायच्या हुकांवर, आणि धक्क्याच्या क्षणी त्याहून जास्त. पण कॅनबेराचं पोट म्हणजे बाँबची दारं. दार काही भार घेत नाही. तो भार कडेच्या दांड्यांवरून वळवायचा, म्हणजे दांडे जाड करायचे, म्हणजे वजन वाढलं, म्हणजे ओढ वाढली. हुकाचंही तसंच. कॅनबेराच्या शेपटीचा उभा पंखा तर लाकडी बांधणीचा होता, आणि हुकाचा हिसका शेपटीकडच्याच भागाला बसणार.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती इंजिनांची. कॅनबेरात एका इंजिनाने दगा दिला की कमी वेगात रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, पुरा पडत नाही आणि विमान कलंडतं. एका इंजिनावर उडण्याच्या सरावातच कित्येक अपघात झाले. कॅटपल्टवरून सुटताना विमान नेमकं एका इंजिनावर सांभाळता येईल अशा वेगाच्या खाली असतं, आणि समोर पाणी. शिवाय सुरुवातीची एव्हॉन इंजिनं थ्रॉटल झटकन उघडला की दम खात, कधी सर्ज होत, म्हणजे आतला हवेचा प्रवाह बिघडून ताकद जाई. हुक तारेला चुकला तर पुन्हा उडायला पूर्ण ताकद ताबडतोब हवी. उपाय एकच: उतरताना इंजिनं चढी ठेवायची आणि एअरब्रेकने वेग धरायचा. कॅनबेराचे एअरब्रेक म्हणजे पंखातून बाहेर येणारी बोटं. ती पुरायची नाहीत.

कुणी म्हणेल, १९६३ मध्ये हर्क्युलिस हे मालवाहू विमान फॉरेस्टल या अमेरिकी विमानवाहू नौकेवर हुकाविना २१ वेळा उतरलं. उतरलं, खरंय. पण ४० मीटरच्या पंखांचं ते विमान डेकवर असेपर्यंत दुसरं काहीच उडू शकत नव्हतं.

उलट्या दिशेचं उदाहरण अमेरिकेत आहे. डग्लस कंपनीचं स्कायवॉरियर बाँबर नौकेसाठी जन्मलेलं, १९५२ मध्ये उडालं. हवाई दलाला तेच जमिनीसाठी हवं होतं: दुमडणारे पंख काढा, कॅटपल्टचं सामान काढा, हुक काढा. फक्त काढायचं काम. प्रत्यक्षात इंजिनं बदलली, पंख बदलले, इजेक्शन सीट घातल्या, आणि १९५४ मध्ये उडालेलं बी-६६ जवळजवळ नवंच विमान निघालं.