हेयरबाईंच्या वह्या

मंडळी, प्रेमकादंबरी लिहिणारी बाई आपल्या लेखनाबद्दल काय बोलते आणि टेबलाशी बसल्यावर प्रत्यक्ष काय करते, यात केवढी तफावत असू शकते, हे मला आज जॉर्जेट हेयर यांच्या निमित्ताने मांडायचं आहे. त्यांची पुस्तकं तुमच्यापैकी काहींच्या हातून नक्की गेली असतील. आपल्याकडच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत आणि रद्दीच्या दुकानांत ती वर्षानुवर्षं दिसत आली आहेत. १९०२ साली लंडनच्या विम्बल्डन भागात त्यांचा जन्म झाला, १९७४ साली त्या गेल्या, आणि एवढ्या काळात त्यांनी पन्नासेक पुस्तकं लिहिली. राजा तिसरा जॉर्ज कारभार पाहण्याच्या स्थितीत राहिला नाही, म्हणून १८११ ते १८२० या काळात युवराजाने रीजंट या नात्याने राज्य चालवलं. त्या काळातली प्रेमकथा हा आज जगभर खपणारा प्रकार हेयरबाईंनी १९३५ पासून रुजवला.

१९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, त्या एक कादंबरी लिहीत होत्या. पुढे ती 'फ्रायडेज चाइल्ड' या नावाने आली. त्या वेळच्या एका पत्रात त्यांनी म्हटलं, की असलं काहीतरी लिहिल्याबद्दल मला खरं तर गोळीच घालायला हवी. पत्रातलं हे वाक्य सगळे उद्धृत करतात. पण लगेच पुढे त्या म्हणतात, की मी हवाई हल्ल्याच्या वेळी तळघरात बसलेली असते किंवा तापातून उठत असते, तर मला हेच पुस्तक आवडलं असतं. मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. वाचक कुठे बसून, कुठल्या अवस्थेत पुस्तक उघडणार आहे, याचा विचार त्यात आहे.

ही जाण आली कुठून, हे त्यांच्या पहिल्या पुस्तकात सापडतं. भाऊ बोरिस आजारी असायचा, त्याला रक्तस्रावाचा विकार होता. त्याचं मन रमावं म्हणून सतरा वर्षांच्या जॉर्जेटने एक साहसकथा रचून सांगायला सुरुवात केली. वडिलांनी ती ऐकली आणि नीट लिहून काढायला सांगितलं. १९२१ साली 'द ब्लॅक मॉथ' प्रसिद्ध झालं. पुढे १९२५ साली वडील अचानक गेले. पेन्शन नव्हती, दोन भावांपैकी एक एकोणीस वर्षांचा, एक चौदाचा. त्यांची जबाबदारी नुकतंच लग्न ठरलेल्या या मुलीने उचलली. लेखन ही त्या क्षणापासून घर चालवणारी कमाई झाली.

आता वह्यांकडे येऊ. हेयरबाई कामाला बसायच्या त्या टाचणांच्या वह्या जवळ घेऊन. सौंदर्यप्रसाधनं, रंग, कपडे, टोप्या, घरगुती व्यवस्था, भाव, दुकानं अशा मथळ्यांखाली माहिती लावलेली असायची. अमुक एका वर्षी मेणबत्त्या काय भावाने मिळत होत्या, याची नोंद त्यात आहे. मेणबत्तीचा भाव कशाला हवा, असं वाटेल. पण ओढाताणीत वाढलेली नायिका कादंबरीत रात्री उशिरापर्यंत पत्र लिहीत बसली, तर किती मेण जळलं हे तिला कळणारच. लेखिकेला ते ठाऊक असेल, तरच नायिकेची गरिबी खरी वाटेल. काही वह्या नुसत्या शब्दांच्या होत्या: खाण्यापिण्याचे आणि भांड्यांचे शब्द, लाडाने हाक मारण्याचे शब्द, कोणी कोणाला कसं संबोधायचं याच्या याद्या. प्रेमकथेत हे संबोधन किती महत्त्वाचं असतं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. नायिकेने पहिल्यांदा 'अहो' सोडलं, एवढ्या क्षणावर आपल्याकडे अख्खी प्रकरणं उभी राहिली आहेत. त्यांच्या एका प्रकाशकाने पुस्तकाच्या भाषेबद्दल सूचना करायचं मनात आणलं, तेव्हा त्याच्याच कचेरीतल्या माणसाने त्याला सांगितलं, की त्या काळाची भाषा या बाईंपेक्षा जास्त जाणणारं इंग्लंडात कोणी नाही.

नवरा रोनाल्ड रूजिए खाणअभियंता. त्याच्याबरोबर त्या टांगानिकाला, म्हणजे आजच्या टांझानियात, जाऊन राहिल्या. गवताने शाकारलेल्या झोपडीत, हाताशी एकही संदर्भग्रंथ नसताना, त्यांनी तिथे, स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या १७४५च्या बंडानंतरच्या काळातली 'द मास्करेडर्स' लिहिली. त्या पुस्तकात कालविपर्यासाची एकच चूक सापडते: लंडनचा व्हाइट्स हा क्लब एक वर्ष आधी उघडलेला दाखवला आहे. झोपडीत बसून लिहिताना एवढं सगळं डोक्यात होतं! जिला आपल्या वाचकाबद्दल तुच्छता आहे, अशी लेखिका इतकं पाठ करून ठेवत नाही.

'अॅन इन्फेमस आर्मी' ही १९३७ची कादंबरी, नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला त्या वॉटर्लूच्या लढाईवर आहे. प्रेमकथा आहेच, पण लढाईचं वर्णन इतकं चोख आहे, की सॅंडहर्स्टच्या लष्करी अकादमीत ते वाचायला सुचवलं जाई. त्यात इंग्रजांचा सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन याच्या तोंडी घातलेला प्रत्येक शब्द त्याने खरोखर उच्चारलेला किंवा लिहिलेला आहे, असा बाईंचा दावा होता. त्याची लेखनाची ढब हाताला लागावी म्हणून त्याचं एक अस्सल पत्र त्यांनी विकत घेतलं होतं. त्या गेल्या तेव्हा घरी हजाराहून जास्त संदर्भग्रंथ होते.

इतकी मेहनत केलेल्या माणसाचं चोरीला गेलं की काय होतं, तेही बघा. १९५० साली एका वाचकाने कळवलं, की दुसरी एक लेखिका तुमच्या पुस्तकांतून नावं, पात्रं, प्रसंग उचलते आहे. १९६१ साली पुन्हा तसंच, लेखिका वेगळी. या दुसऱ्या वेळी बाईंनी उसनवारीची आणि इतिहासाच्या चुकांची सविस्तर यादीच केली. त्यात एक वाक्प्रचार होता, जो त्यांना खासगीरीत्या छापलेल्या एका आठवणींच्या पुस्तकात मिळाला होता. ते पुस्तक बाजारात नव्हतंच, म्हणजे तो वाक्प्रचार बाईंच्या कादंबरीतूनच उचललेला असणार. दुसऱ्या एका ठिकाणी तर त्यांनी स्वतः कल्पनेने रचलेली घटना त्या लेखिकेने इतिहास म्हणून वापरली होती. वकिलांनी सुचवलं, कोर्टातून मनाईहुकूम मिळवा. बाईंनी नकार दिला. त्यांचा संताप शब्दांच्या चोरीवर होता, तितकाच ते शब्द चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या तोंडी घातले गेले यावरही होता. आपल्या प्रकाराला तुच्छ मानणाऱ्या माणसाला एवढा राग येईल का?

मग पत्रांत स्वतःच्या लेखनाला त्या नावं का ठेवत होत्या? मला वाटतं, समीक्षकांनी काही म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकावं, ही त्यामागची सवय असावी. गंभीर वर्तमानपत्रांनी त्यांच्या पुस्तकांची दखल जवळजवळ घेतलीच नाही. त्यांच्या मृत्यूच्या सुमारास निघालेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या आवृत्तीत ॲगाथा ख्रिस्ती होत्या, हेयर नव्हत्या. बाईंनीही कधी मुलाखत दिली नाही. १९२६ साली 'दीज ओल्ड शेड्स' आलं ते इंग्लंडातल्या सार्वत्रिक संपाच्या दिवसांत. वर्तमानपत्रं बंद, परीक्षणं नाहीत, जाहिरात नाही. तरी १,९०,००० प्रती खपल्या. त्यानंतर प्रसिद्धीची गरजच नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी नेमकं उलट केलं. प्रेमकादंबरीचं तंत्र असतं, ते शिकता आणि शिकवता येतं, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं आणि १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून ते मांडलंही. त्यांच्यावर टीका व्हायची ती झालीच. पण रंजन करणं हे मेहनतीचं काम आहे, हे मराठीत मोठ्याने म्हटलं गेलं, याबद्दल मी फडक्यांची ऋणी आहे. आजही एखादी बाई प्रेमकथा लिहिते म्हटल्यावर 'हलकंफुलकं लिहिता वाटतं?' असं विचारलं जातं, आणि ती बिचारी हो म्हणून मोकळी होते. तिने तसं म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

हेयरबाईंचं एक स्वप्न अपुरं राहिलं. इंग्लंडच्या लॅंकेस्टर राजघराण्यावर, चौदाव्या-पंधराव्या शतकावर, तीन खंडांची गंभीर कादंबरी त्यांना लिहायची होती. त्यासाठी मध्ययुगावरची टाचणं जमवण्यात वर्षं गेली. पण कर भरायला पैसे लागायचे, वाचक नवी प्रेमकथा मागायचे, आणि ते काम मागे पडायचं. पूर्ण झाला तेवढा भाग 'माय लॉर्ड जॉन' म्हणून १९७५ साली, त्यांच्या पश्चात निघाला. मी तो वाचला आहे. अभ्यास अफाट आहे, पण पात्रं त्याखाली दबून गेली आहेत. प्रेमकथांत हीच माहिती संवादात विरघळून जाते, कुठे जाणवतही नाही. ज्या प्रकाराला त्या कमी लेखत होत्या, त्यातच त्यांची प्रतिभा सगळ्यात मोकळी होती, असं माझं ठाम मत आहे.

त्यांचं सगळंच मान्य करावं असं नाही. 'द ग्रँड सोफी' या १९५०च्या कादंबरीत ज्यू सावकाराचं जे चित्र आहे, ते वाचवत नाही. महायुद्धात ज्यूंचं काय झालं ते जगाला कळल्यानंतर लिहिलेलं पुस्तक आहे ते. उमराव घराण्यांबद्दलची ओढही जागोजागी खटकते. मेणबत्तीचा भाव टिपणाऱ्या वहीत मेणबत्ती बनवणारा माणूस मात्र आला नाही.

तरीही वाचाच. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी 'फ्रायडेज चाइल्ड' घ्यावं. रुमानियात राजकीय कैदेत असलेल्या एका बाईने हीच गोष्ट आठवून आठवून सोबतच्या कैदी स्त्रियांना कित्येक वर्षं सांगितली, आणि सुटल्यावर हेयरबाईंना तसं पत्र लिहिलं. चाहत्यांच्या पत्रांना एरवी फारशी किंमत न देणाऱ्या बाईंनी ते पत्र मात्र जपून ठेवलं होतं. लढाईची आवड असेल तर 'अॅन इन्फेमस आर्मी' घ्या. 'माय लॉर्ड जॉन' शेवटी. आणि वाचनालयात तुम्ही पुस्तकांची मागणी नोंदवता, तेव्हा या पुस्तकांचीही नोंदवा.